उलटे सर

कुठलीही वस्तू हातात आली की आमचे सर ती आधी पालथी करून बघत. वेल्डिंग केलेली प्लेट तर बघतच, तो त्यांचा धंदाच होता. पण दुकानातली खुर्ची, बायकोची नवी साडी, ताटातली भाकर, कशाचीही सुटका नसे. एका विद्यार्थ्याच्या लग्नात आहेरात आलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी सगळ्यांदेखत उलटं केलं, मागचं झाकण काढून आत डोकावले आणि नवरदेवाला म्हणाले, "चालते. ठेव." त्यांचं आडनाव वेगळं होतं, पण नांदुऱ्याच्या आमच्या वेल्डिंग प्रशिक्षण केंद्रातून शिकून गेलेली सगळी पोरं त्यांना उलटे सर म्हणूनच ओळखतात. हे नाव त्यांच्या कानावर गेलेलं होतं. "सुलटं पाह्यनारे गावात लय हायेत," एवढंच म्हणून त्यांनी ते पदरात घेतलं होतं.

या खोडीला कारण होतं. दोन लोखंडी प्लेटा जोडल्या की वरची बाजू जरा हात बसलेला कोणीही देखणी करून दाखवतो. पण वितळलेलं लोखंड फटीतून थेट तळापर्यंत पोचलं की वरच्यावर साचून राहिलं, हे फक्त मागची बाजू सांगते. सर तिला 'पाठ' म्हणत. पोरगा मोठ्या हौसेने जोडावरची जळकी खपली हातोडीने झाडायचा, तारेचा ब्रश मारायचा, चकचकीत ओळ सरांपुढे धरायचा आणि सर तिच्याकडे ढुंकूनही न बघता म्हणायचे, "पाठ दाखव." निम्म्या पोरांचा चेहरा तिथेच पडायचा.

विलास नावाचा पोरगा सरांच्या शेवटच्या तुकडीत होता. पहिलीच प्लेट घेऊन आला, आणि सरांनी नेहमीचा हुकूम सोडला, "पाठ दाखव बे." पोराने प्लेट टेबलावर ठेवली, मुकाट्याने वळला आणि सदरा वर करून उभा राहिला. त्याच्या शाळेत या हुकमाचा अर्थ एकच होत असणार. आम्ही हसू दाबत होतो. सरांनी मात्र चष्मा नाकावर नीट बसवला, त्याची पाठ वरपासून खालपर्यंत तपासली आणि म्हणाले, "ही बरी हाये. आता लोखंडाची दाखव." विलास त्या दिवसापासून सरांचा झाला तो झालाच.

मी स्वतः उंद्रीची. घरी शेती, वखर-पेरणीयंत्र घेऊन बाप दर हंगामाला वेल्डिंगच्या दुकानापुढे ताटकळत बसलेला, म्हणून मी म्हटलं, मीच शिकते. आईने विरोध केला, आजूबाजूच्यांनी तिला साथ दिली. सरांनी मला दारात बघितलं तेव्हा मी काहीतरी भाषण ऐकायच्या तयारीने उभी होते. त्यांनी फक्त माझ्या ओढणीकडे आणि बाह्यांकडे बघितलं. "ठिनगी पोट्टा-पोट्टी पाह्यत नाही वं. ओढनी घरी ठेव, बाह्या लांब घाल. पोयलं तं सारखंच पोयते." स्त्री-पुरुष समानतेवर मी पुढे बरीच व्याख्यानं ऐकली. इतकं कामाचं एकही नव्हतं. शिक्षण संपल्यावर सरांनीच मला केंद्रात मदतनीस शिक्षिका म्हणून ठेवून घेतलं.

सरांचं एक संशोधनही होतं, आणि ते एका बंद पडलेल्या फ्रीजमध्ये चालायचं. वेल्डिंगच्या रॉडला दमट हवा लागली की जोडाच्या पोटात बारीक छिद्रं पडतात, आणि रॉड तापवायची खास भट्टी काही गावोगावच्या दुकानदाराकडे नसते. मग सरांनी घरचा जुना फ्रीज उचलून आणला आणि त्यात विजेचा मोठा दिवा लावून रॉड ठेवायला सुरुवात केली. पावसाळाभर काही रॉड फ्रीजमध्ये, काही गव्हाच्या कोठीत, काही राखेच्या डब्यात, काही तसेच पत्र्याखाली. प्रत्येक रॉडने जोड करायचे, तोडायचे, आतली छिद्रं बघायची आणि तुकडे भिंतीवर टांगायचे. सरांची बायको, आमच्या काकू, दर पाहुण्याला सांगत, "लोकायच्या घरी फिरिजमंधी पानी थंड होते, आमच्याइथं सळया गरम होतात."

या भिंतीची ख्याती ऐकून एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्राध्यापक आले. छिद्रं पडतात ती कोणत्या वायूमुळे, तो लोखंडात शिरतो कसा आणि अडकतो कसा, हे त्यांनी फळ्यावर काढून समजावलं. सर पहिल्या बाकावर बसून ऐकत होते, मध्येच हात वर करून शंका विचारत होते. प्राध्यापक गेल्यावर मला म्हणाले, "इतके दिवस मी नुसतं चोराचं घर पाहून राह्यलो होतो. आज चोराचं नाव समजलं." नंतर दोघांनी मिळून ते तुकडे कापून, घासून, आम्ल लावून बघितले. फ्रीजचे रॉड महाविद्यालयातल्या भट्टीच्या रॉडपेक्षा थोडेच मागे होते. जिल्ह्यात आज कितीतरी दुकानांमध्ये दिवा लावलेले मेलेले फ्रीज दिसतात. ते बघून परगावचा माणूस चक्रावतो, आम्हाला अभिमान वाटतो.

सर मूळचे सुलतानपूरचे. गावातल्या जयंतीचा लोखंडी मंच दरवर्षी तेच जोडून देत, आणि कार्यक्रम सुरू झाला की पुढाऱ्यांबरोबर वर न बसता मंचाखाली शिरून एकेक सांधा चाचपत. एका वर्षी मीही गेले होते. वर वक्ता गरजत होता, "मोडेन पण वाकणार नाही." खालून सर धूळ झटकत बाहेर आले आणि मला म्हणाले, "मानसासाठी बराबर हाये थे. आपल्या धंद्यात उलटं. वाकाचं, पन मोडाचं नाही." तुम्हाला वाटेल ही नुसती कोटी झाली. पण आमच्या केंद्रातली परीक्षा हीच होती. जोडलेल्या प्लेटची पट्टी कापायची आणि ट्रकचा जॅक बसवलेल्या सांगाड्यात ती नालासारखी वाकवायची, पाठ बाहेरच्या अंगाला ठेवून. जोड खरा असेल तर लोखंड गुमान वाकतं. पोकळ असेल तर पाठ उघडते आणि सगळ्या जगाला दिसते.

या परीक्षेत सरांनी एक रिवाज घालून ठेवला होता. दर तुकडीबरोबर ते स्वतःही एक प्लेट जोडत, ती पोरांच्या प्लेटांच्या रांगेत ठेवत आणि सगळ्यांसमोर वाकवत. "ज्याची पाठ उघडली त्यानं रॉडचा होल्डर खाली ठेवाचा अन् बाकावर येऊन पयल्यापासून शिकाचं. मंग थो कोनी का असंना." पोरं हे वाक्य ऐकून हसत, कारण सरांची प्लेट उघडेल हे सूर्य पश्चिमेला उगवण्याइतकंच शक्य होतं.

मग त्यांचा हात कापायला लागला. आधी आम्हाला बशीतला चहा सांडलेला दिसला. मग ते चहा पेल्यात घेऊ लागले, तोही अर्धाच. रॉड धरताना कोपर टेबलाला टेकवू लागले, डाव्या हाताने उजवं मनगट धरू लागले. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, कंप कमी झाला, गेला नाही. शिकवणं तसंच चाललं होतं, कारण नुसत्या आवाजावरून ते सांगायचे, "रॉड दूर गेला बे, जवळ घे." पण विलासच्या तुकडीची परीक्षा जवळ आली तशा काकू केंद्रात आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "त्याहिले म्हन ना वं, या बारीले तुमची प्लेट नका ठेवू. घरी बसले तं थे मानसात राहनार नाहीत." मी सरांना म्हटलं. ते म्हणाले, "दरसाल ठेवतो, मंग या साली काऊन नाही?"

परीक्षेच्या सकाळी सरांनी प्लेट जोडली. मी काळ्या काचेआडून बघत होते. कढईत भजी तळावीत तसा एकसारखा चाललेला आवाज मध्येच अडखळला, पुन्हा लागला, पुन्हा अडखळला. सरांनी खपली झाडली, पाठ बघितली आणि खडूने आपलं नाव घालून प्लेट रांगेत ठेवली. मग आम्ही जेवायला गेलो.

दुपारी एकेक प्लेट वाकली. बरीच पोरं पास झाली, विलास झाला, काही नापास झाली. शेवटी सरांनी आपली प्लेट उचलली, सवयीने पालथी केली आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. पाठ एकसारखी, भरलेली, सुरेख होती. मला क्षणभर वाटलं, सकाळी माझेच कान चुकले.

"ही माही नाही," सर म्हणाले.

त्यांनी जोडाच्या टोकावर बोट ठेवलं.

"शेवटाले रॉड उचलतानी हा बारीक वळसा हाये ना, हा माहा नाही. हा हिचा हाये." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "किती सांगतलं हिले, सोडतच नाही."

मी बघितलं, आणि खरंच, ती मी सरावाला जोडलेली प्लेट होती. तिच्यावर सरांचं नाव कोणीतरी सरांसारखं अक्षर काढून लिहिलं होतं. विलास पुढे आला. मान खाली होती. "सर, ताईले काई मालूम नाही. आमीच बदलली, सगळ्यायनं. आमाले वाटलं तुमी निघून जासान."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. "लेका," ते म्हणाले, "उद्या तू ज्या कंपनीत जासीन, तठी कोनी अशी प्लेट बदलली अन् टाकी फुटली, तं तिच्याखाली कोन राहीन? माही प्लेट आन."

विलासने मशीनमागून सरांची प्लेट काढून आणली. जॅकचा दांडा सरांनी मला मारायला लावला. पट्टी जेमतेम वाकली आणि पाठ उघडली, चांगली बोट जाईल इतकी. सरांनी खडू घेतला आणि तिच्यावर 'नापास' लिहिलं, अगदी पोरांच्या प्लेटांवर लिहीत तसंच. मग माझी पट्टी लावायला सांगितली. ती मुकाट नालासारखी वाकली. तिच्यावरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "वळसा हाये. पन आतून भरेल हाये." मग चामड्याचा एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि घरी गेले. पोरं रडत होती, मीही रडत होते, आणि मनातून मला त्या माणसाचा रागसुद्धा येत होता. जरासं चालवून घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नापास पोरांचा वर्ग माझ्याकडे होता. सरांची जागा रिकामी असणार म्हणून मी मन घट्ट करून दार ढकललं. पहिल्या बाकावर, काल नापास झालेल्या पोरांच्या रांगेत, सर बसले होते. पोरं अंग चोरून बाजूला सरकली होती.

"सर, तुम्ही इथं?"

"काल नापास झालो ना," ते म्हणाले. "नियम हाये." मग त्यांनी चष्मा नीट केला. "मॅडम, डेमो द्या."

मी उंद्रीहून आले त्या दिवसापासून त्यांनी मला पोरी म्हटलं होतं, वं म्हटलं होतं, रागात बरंच काही म्हटलं होतं. हे कधी म्हटलं नव्हतं. मी घाईने काळी काच तोंडावर ओढून घेतली. डोळे लपवायची वेल्डरइतकी सोय दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल. रॉड लागला, आवाज धरला, ओळ पुढे सरकत गेली, आणि शेवटाला हात आपोआप वळला.

काच वर केली तर सरांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केलेला. हात कापत होता. "मॅडम, एक शंका हाये. शेवटाले थो वळसा असाच द्याचा का?"

पोरं फिसकन हसली. मलाही हसू आलं.

"नाही," मी म्हणाले. "तो चुकला माझा. पुन्हा दाखवते, नीट बघा."

सरांची प्लेट त्यानंतर कधीच पास झाली नाही. त्या पोरांचा वर्ग संपेपर्यंत ते रोज वेळेवर आले, बाकावर बसले, शंका विचारल्या आणि मग काकूंबरोबर सुलतानपूरला राहायला गेले. मी मदतनीस झाले तेव्हापासून केंद्रातली पोरं मला ताई म्हणायची. त्या सकाळनंतर एकानेही म्हटलं नाही.