डावीकडचा ड्रम

दाजींचा विषय निघाला की मी त्यांच्या गमती सांगतो. लोक हसतात, मीही हसतो, आणि बोलणं तिथंच थांबवतो. त्याच्या पुढचं कधी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. दाजी गेले त्या दिवशी अक्काच्या शेजारी बसून होतो, तेव्हा तिलाही नाही. किती वर्षं टाळलं? बरीच. तुम्ही दाजींना ओळखत नव्हता — कदाचित म्हणूनच तुम्हाला सांगणं जमेल.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहायला हातकणंगल्याला. घरची शेती, गोठाभर म्हशी, दुधाचा धंदा, आणि जुन्या मोटारींचं वेड. आवाज असा, की अंगणात बोलले तर रस्त्यावरचा माणूस ‘काय म्हणालात?’ म्हणून वळून बघायचा. नम्रपणा त्यांच्यात औषधालाही नव्हता. ‘माझ्यासारखा माणूस ह्या जिल्ह्यात न्हाय,’ असं ते स्वतःच सांगायचे. आणि खरं सांगू का? नव्हताच.

जुनी मोटार पुन्हा मूळ रूपात आणायची म्हटलं की लोक रंग बघतात, गाद्या बघतात, दिवे बघतात. दाजी तिकडं ढुंकूनही बघत नसत. ‘रंगरंगोटी नवऱ्यामुलाचीबी करत्यात. आधी चाक काढा.’ कारण गाडीत सगळ्यात जास्त झिजतो तो ब्रेक. दर काही वर्षांनी कुठल्यातरी गॅरेजात तो उघडला जातो, आणि हाताला लागेल तो माल आत बसवला जातो — जीपचा सिलिंडर, टेम्पोची स्प्रिंग, काहीही. त्यामुळं ज्या गाडीचे ब्रेक मूळचे राहिले, ती गाडी कुणीतरी खरंच जपली, असं त्यांचं म्हणणं.

ते ओळखायचे कसे? ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाच्या आतलं ते ओतीव लोखंडाचं गोल भांडं, दोरीला टांगून हातोडीच्या लाकडी दांड्यानं टिचकी मारायचे आणि नाद संपेपर्यंत गप्प राहायचे. दाजी गप्प राहायचे ते तेवढंच. मग ब्रेकच्या पट्टीचे, लायनरचे, रिव्हेट बघायचे, स्प्रिंगचा आकडा कसा वळलाय ते बघायचे. शेवटी डोळे मिटून बोटं फिरवायचे. एकदा वारणानगरचे एक गृहस्थ पोतंभर भाग घेऊन आले, सगळे एकाच गाडीचे आहेत म्हणाले. दाजींनी बाजेवर बसून, व्यायलेल्या म्हशीचं कौतुक सांगता सांगता, त्या पोत्याचे दोन ढीग केले. एक सिलिंडर मात्र मांडीवरच ठेवला. ‘हे तुमच्या गाडीचं न्हाय, पावणं. पण टाकू नका. कुणीतरी हुडकत बसलं असंल ह्याला.’ मला ते वाक्य अजून आठवतं. लोखंडाच्या तुकड्याबद्दल असं कोण बोलतं?

माझी कोल्हापूरच्या उद्यमनगरात फौंड्री होती. लोखंड ओतण्यात आयुष्य गेलं, आणि त्या कामात मी कमी नव्हतो. पण दाजी असले, की मी फक्त त्यांचा मेव्हणा. मला त्याचा त्रास व्हायचा का? व्हायचा. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

मग त्या डॉक्टरांची गाडी आली. कोल्हापुरातलेच डॉक्टर, वडिलांची जुनी इंग्रजी मोटार नीट करायला काढलेली. मागच्या डाव्या चाकाच्या ड्रमला तडा गेला होता. त्यांना अगदी तसाच, त्या काळचा ड्रम हवा होता. दाजी म्हणाले, मिळायचा नाही. आणि मी — नेमका तेवढ्यासाठीच — चारचौघांत म्हणालो, ‘मी आणून देतो.’

सांगली पालथी घातली, मिरज, बेळगाव. नाही मिळाला. तेव्हा काय करायला हवं होतं? नाही मिळाला, म्हणून सांगायचं. नवा ओतून देतो म्हटलं असतं, तर डॉक्टर खुशीनं हो म्हणाले असते. दाजींनी चार टोमणे मारून पाठही थोपटली असती. मी तसं केलं नाही. तडा गेलेला ड्रम सांधला, त्याचाच पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, करून वाळूत दाबला आणि दुसरा ओतला. आतून लेथवर नीट कातला. मग ओल्या मातीत ठेवून गंज चढवला, वर जुनं ग्रीस चोळलं. मिरजेच्या भंगारात सापडला, असं सांगून टाकलं.

ओतकामातल्या नवख्या माणसालाही ठाऊक असतं, की तापलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न थोडा मोठा करतात. आतल्या बाजूला मी जाडी वाढवून घेतली होती. पाठीवर कारखान्याची उठावाची अक्षरं होती, गोलाकार, वीतभर लांब ओळ. तिचा विचारच केला नाही. ती ओळ आकसून निघाली. किती? सूतभरही नाही.

रविवार होता. डॉक्टरांच्या अंगणात सात-आठ जण जमलेले. दाजींनी ड्रम मांडीवर घेतला, पहिल्या अक्षरावर अंगठा टेकवला आणि शेवटच्या अक्षराकडं मधलं बोट ताणलं. पुन्हा एकदा तसंच केलं. मग मान वर केली.

‘मेव्हण्या, हे अस्सल न्हाय.’

‘काय सांगता, दाजी?’

‘ओळ आखूड हाय. फुटक्या ड्रमवर बरोबर बसलं हुतं, हितं बोट अक्षराच्या पुढं जातंय माझं. उजवीकडचा काढा की, शेजारी ठिवून बघू. कळतंयच.’

उजवीकडचा मूळचा होता, गाडीलाच बसवलेला. चाक काढलं की दोन्ही शेजारी येणार. एक जण जॅक आणायला उठलाही. आणि मी मोठ्यानं हसलो. म्हणालो, ‘दाजी, बोटांवर आता इसंबू नका. शुगरनं बधिर झाल्यात ती. परवा चहाचा कप सुटला न्हवं हातातनं? अक्काच सांगत होती.’

अक्कानं ते मला सांगितलं होतं, भाऊ म्हणून, काळजीनं. मी ते अंगणात फेकलं. लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत — ते वाईट झालं. ते मायेनं म्हणाले, ‘होतं तसं, दाजी. मधुमेहात हातापायांची जाणीव कमी होते. एकदा दवाखान्यात येऊन जा.’ जॅक आणायला उठलेला माणूस खाली बसला.

मला वाटलं, दाजी आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर मी कदाचित कबूलही केलं असतं — की हेही मी आता स्वतःला बरं वाटावं म्हणून म्हणतोय? त्यांनी शिव्या घातल्या नाहीत. आपली बोटं उलटसुलट करून बघितली. ‘व्हय?’ म्हणाले. ‘असंल मग.’ खांद्यावरच्या टॉवेलनं ड्रम पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्याकडं दिला.

फौंड्रीत परत आल्यावर मी तो तडा गेलेला ड्रम काढला आणि पाठीवरची ओळ मोजली. माझ्या ड्रमची मापं माझ्याकडं होतीच. दाजी म्हणाले होते तशी, माझी ओळ आखूडच होती. म्हणजे ‘मला माहीत नव्हतं’ असंही म्हणायची सोय नाही.

ड्रम बसला, गाडी पळाली, ब्रेकही उत्तम लागला. हातकणंगल्याला लोक पोती घेऊन येतच होते. दाजी त्यांना चहा पाजायचे, म्हशी दाखवायचे आणि परत पाठवायचे. ‘आता माझं काय खरं न्हाय. दुसरीकडं दावा.’ पोतं उघडूही द्यायचे नाहीत. चहा हातात घेण्याआधी अक्काला विचारायचे, ‘गरम हाय का गं?’ बोलता बोलता अंगठा बाकीच्या बोटांवर घासत राहायचे. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस — माझ्या एका वाक्यानंतर त्याला स्वतःच्या हाताची खात्री उरली नाही.

एकदा मन घट्ट करून गेलो. ते बाजेवर पडले होते. म्हटलं, ‘दाजी, त्या डॉक्टरांच्या ड्रमचं...’

त्यांनी मला पुढं बोलूच दिलं नाही. ‘त्याचंच बोलायचं हुतं मला तुझ्याशी. बरं केलंस, चारचौघांत बोललास. न्हाईतर मी असाच बोटं फिरवत बसलो असतो, आणि कुणाच्यातरी गाडीत भलताच माल गेला असता. ब्रेकचं काम हाय, मेव्हण्या. जीव जातोय माणसाचा.’ मग आत वळून ओरडले, ‘अगं, तुझ्या भावानं डोळं उघडलं बघ माझं! भाकरी वाढ त्याला.’

अक्कानं ताट केलं. मी जेवलो. दुसरी भाकरीही घेतली.

त्यानंतर दाजी काही वर्षं होते. दर भाऊबीजेला जात होतो, एरवीही जात होतो. गाडी चालवताना दर वेळी तेच शब्द जुळवायचो, फाटकाशी पोचलो की गिळायचो. शब्द फार नव्हते. दाजी, तो ड्रम मी ओतला होता. तुमचा हात बरोबर होता आणि मला ते ठाऊक होतं. तुमचं सगळ्यात मोठं सुख मी खोटं बोलून काढून घेतलं. माझं चुकलं.