अर्ध्यावर ओढलेलं शटर

शिंप्यांच्या संघटनेवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही घोषणांची वाट बघत असाल. बघत बसा. माझ्या डोळ्यांसमोर फक्त एक शटर आहे.

आमच्या गल्लीत कुणी शिंपी गेला की संघटनेतली सगळी दुकानं दिवसभर शटर अर्ध्यावर ठेवतात. आज दामूअण्णा शिंपी गेले, तरी गल्लीभर मशिनी खडखडतायत. अण्णा कधी सभासद झालेच नाहीत. "एका सुईला अध्यक्ष कशाला लागतो रे?" असं ते मान तिरकी करून विचारायचे. त्यांची ही नक्कल करून मी कितीतरी चहा फुकट प्यायलोय. आज मात्र चहाचे पैसे देऊन आलो.

माणसं संघटना करतात ती एकटं पडू नये म्हणून, असं मला वाटायचं. मग जो आलाच नाही, त्याला किती एकटं पाडायचं?

एवढ्यात अण्णांना खांद्यावर घेऊन माणसं गल्लीत शिरली. मोजकीच होती. मी आमच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं.

माझे वडील संघटनेचे सचिव. त्यांनी मशीन थांबवलं.

"कुणाला विचारून ओढलंस? बाहेरच्यासाठीपण शटर ओढायचं, तर सभासद कोण होईल उद्या? मी मेल्यावर ओढ काय ओढायचं ते. आत्ता वर कर."