हट्ट्याच्या शिवारात मी न बघता ओढलेली रेषा

रक्तदाबाची गोळी सुरू करताना डॉक्टर म्हणाले, "चिडचिड कमी करा, एखादा छंद लावून घ्या." म्हणून मी मोबाइलवर चित्रकलेचे धडे घेतले. ओल्या कागदावर जलरंग सोडायचे, पसरतील तसे पसरू द्यायचे, वरून शाईच्या दोन-चार रेषा ओढायच्या. शिकवणाऱ्या बाईंचा आग्रह असा की, रेषा समोर न बघता ओढा, मन मोकळं होतं. जानेवारीतल्या एका रविवारी हे मोकळं मन घेऊन मी हिंगोलीहून निघाले.

एसटी औंढा, जवळा बाजार करत हट्ट्याला जाते. बायकांना अर्धं तिकीट. जवळ्याला उतरून गरम भजी आणि चहा घ्यावा, तीस रुपयांत पोट भरतं. हट्ट्यात उतरून पाणंदीनं वीसेक मिनिटं चाललं की हळदीची शेतं लागतात. पानं पिवळी पडून आडवी झाली होती. एका बांधावर बसले, कागद भिजवला, पिवळा सोडला, तपकिरी सोडला. मग मान खाली घालूनच शाईची एक जाड रेषा आडवी ओढली. खरंच बरं वाटलं.

"बाई, तुमी मोजणीच्या हाव का?"

मागे पन्नाशीच्या एक बाई विळा घेऊन उभ्या होत्या. गयाबाई. शेत त्यांचंच.

"नाही हो, चित्र काढतेय."

त्यांनी कागद निरखला. "मंग हा बांध मधी काहून आनला? माझा बांध त्या लिंबाच्या पल्याड हाय."

मी काही बोलायच्या आत शेजारच्या शेतातून त्यांचा धाकटा दीर आला. आधी हसला. "हे काय, सांडलेलं पिठलं?" मग त्याला ती काळी रेषा दिसली आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला. खटकन फोटो. "बगा वहिनी! शिकल्या-सवरल्या बाईनं बी बांध बराबर काढला. आता चार लोकांत दावतो."

"तुझा भाऊ गेल्यापासून दरसाली नांगरताना बांध सरकवून राहिलास," गयाबाई म्हणाल्या, "आता कागदावर बी सरकव!"

माझं डोकं सणकलं. घडीपूर्वीचं पिठलं लगेच पुरावा? मी म्हटलं, "फोटो पुसून टाका."

"काहून? तुमीच काढलं ना?"

मीच काढलं होतं. बांध नेमका कुठे, हे मला आजही माहीत नाही. गयाबाई खऱ्या वाटल्या, पण वाटण्यावर मी काय सांगणार? खात्रीनं माहीत होतं ते एवढंच: ज्या रेषेवर एका बाईची जमीन जाऊ शकते, ती मी मन मोकळं करायला, खाली मान घालून ओढली होती. त्याच्याइतकाच राग स्वतःचा आला.

बाटलीतली शाई पक्की, पाण्यानं न पुसणारी. मी चित्रावरच मोठ्या अक्षरांत लिहिलं, "ही रेषा मी समोर न बघता ओढली आहे. हा बांध नाही." खाली सही केली, दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि कागद गयाबाईंच्या हातात दिला. दीर म्हणाला, "चांगलं चित्र नासवलं की!" लिहिलेल्याचा फोटो मात्र त्यानं घेतला नाही.

परतीच्या गाडीत मी मुठी आवळून बसले होते. तुम्ही तिकडे चित्रं काढायला गेलात तर जरूर जा, थंडीतला तो पिवळा रंग डबीत मिळत नाही. फक्त बसण्याआधी शेत कुणाचं ते विचारा, आणि रेषा बघून ओढा.

घरी येऊन आठवडा झाला. रक्तदाब आहे तिथेच. बिनलिखाणाचा फोटो अजून त्या माणसाकडे आहे, म्हणून राग गेलेला नाही, आणि तो जावा असंही वाटत नाही. काल गयाबाईंना फोन केला. सरकारी मोजणीचा अर्ज त्यांनी भरलाय. तोवर चित्र दारात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं लावलंय.

"लोक इचारतेत, हे काय हाय म्हनून," त्या म्हणाल्या. "मी सांगते, चित्राकडं बगू नका. लिवलेलं वाचा."