हळदीला हातमोजे

निकिताच्या हातांना कसलाच वास येत नाही. पेठकडच्या डोंगरातली पोर, नागलीची भाकर थापत वाढलेली. सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत औषधाच्या कारखान्यात लागली आणि हात दुकानातल्या पुतळ्यासारखे झाले. पावडर नाही, कुंकू नाही, मेंदी नाही. अंगावरून कण झडला तरी आतली टाकी नासू शकते, म्हणून.

टाकीत जिवंत पेशी असतात. उंदराच्या जातीतल्या एका प्राण्याच्या, साखरपाण्यावर पोसलेल्या. त्या एकाच रोगावर नेम धरणारी प्रतिपिंडं बनवतात आणि त्यांचं पुढे कॅन्सरचं इंजेक्शन होतं. निकिताचं काम या पेशींची बडदास्त. प्राणवायू कमी पडला की त्या गुदमरतात. साखर जास्त झाली की स्वतःच्याच आंबटपणात बिघडतात, मग प्रतिपिंड निघालं तरी कामाचं राहत नाही. सगळ्यात नाजूक दिवस तापमान उतरवण्याचा. आधी टाकी माणसाच्या अंगाएवढी गरम ठेवायची, पेशी वाढत सुटतात. भरपूर झाल्या की चार अंश गार करायचं. वाढ जवळपास थांबते आणि सगळी ताकद प्रतिपिंडांकडे वळते.

आमच्या संघटनेने घेतलेल्या कंत्राटी कामगारांच्या बैठकीत तिने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे तुझ्यासारखंच. घरापासून तोडलं, गार खोलीत ठेवलं, की काम जास्त." सगळे हसले. ती नाही हसली.

त्या नाजूक दिवसाच्या नेमकं आदल्या दिवशी धाकट्या भावाची, रोहितची हळद आली. निकिता एकुलती बहीण, करवली. घरच्यांत पहिली हळद तिच्या हाताची. तिची वरिष्ठ तृप्ती मॅडम तशी वाईट बाई नाही. तिने सरळ सांगितलं, "जा ना. पण हळद लागली तर उतरेपर्यंत आत घेता येणार नाही. टाकी दुसरीला देईन." ही टाकी निकिताने पहिल्या थेंबापासून सांभाळलेली. आणि कंत्राटी माणसाच्या हातून गेलेली टाकी परत आलेली मी तरी पाहिलेली नाही.

निकिताने दोन्ही सांभाळायचं ठरवलं. मांडवात पिशवीतून निळे रबरी हातमोजे काढले, चढवले आणि हळदीच्या वाटीत बोटं बुडवली.

गाणाऱ्या बायका गप्प झाल्या.

करोनात तिचा आजा नाशकाच्या दवाखान्यात वारला होता. घरच्यांनी त्याला शेवटचं पाहिलं ते असल्याच निळ्या हातांत. निकिता तेव्हा शिकायला लांब अडकलेली. तिने ते पाहिलंच नव्हतं.

"मयताचे हात लावतीस का गं पोराला?" आत्या, लंकाबाई, म्हणाली.

"कामाचे हातमोजे आहेत, आत्या. स्वच्छ आहेत."

"मंग आमी घाण हाय का?"

निकिताने हातमोजे ओरबाडून काढले. उघडा हात पुढे केला, तर रोहितनेच तो हलकेच बाजूला सारला. "राहू दे ताई. तुझं काम जाईल. आत्या लावंल."

रागावला असता तर भांडता आलं असतं. ती मांडवाच्या मेढीला टेकून उभी राहिली. सगळं घर पिवळं, ही एकटी कोरी.

दुसऱ्या दिवशी तृप्तीने तिचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि आत सोडलं. निकिताने तापमान उतरवलं. पुढे माल उत्तम निघाला, पेढे वाटले गेले.

दरम्यान आईने, सगुणाबाईने, गावच्या माणसाबरोबर मांडवातल्या हळदीची पुडी पाठवली होती. टाकी रिकामी होईपर्यंत निकिताने ती उघडली नाही. मग रविवारी दुपारी घरमालकीण मंगलाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. आपली हळद आपण कशी लावून घेणार?

"मावशी, मला हळद लावता?"

"मला सांगतेस? नवरा जाऊन जमाना झाला माझा. एखादी सवाष्ण बघ."

या सवाष्णीच्या प्रथेपायी मी चौकाचौकात भांडणं केलीत. निकिता भांडली नाही. "इथं मी दुसऱ्या कोणाला ओळखतच नाही," म्हणाली आणि खाली बसली.

मंगलाबाईंनी दाराला कडी घातली. हळद पाण्यात कालवली. आधी एक बोट लावलं, मग दोन्ही तळवे. गाणं कोणी म्हटलं नाही.

सोमवारी तृप्तीने हात पाहिले. "आता? लग्न तर होऊन गेलं ना?"

"हो."

"आज नवी टाकी भरायची आहे, निकिता."

"माहितीये, मॅडम."

तृप्तीने तिचे हात सोडले. मग दुसऱ्या मुलीला हाक मारली.

निकिताला बाटल्या धुवायला पाठवलं. तिथे हातमोजे मिळतात; तिने घातले नाहीत. काचेपलीकडे नवी टाकी ऊब धरत होती. साबणाच्या पाण्यात तिच्या नखांच्या कडेची हळद लाल होत होती, आणि ती बाटल्या सावकाश धूत होती.