माझा चांगला पायगुण

सहसंबंध म्हणजे कारण नव्हे, हे वाक्य मी आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या कॉलेजात दरवर्षी फळ्यावर लिहिते. उदाहरणही ठरलेलं. बाजारात शिंगाडे वाढतात तेव्हाच दवाखान्यात खोकल्याची रांग वाढते. मग खोकला शिंगाड्यांमुळे होतो का? एका वर्षी पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "नाही मॅडम, दोन्ही थंडीमुळे." मला ती इतकी आवडली की पुढे धाकट्या दिरासाठी मीच तिला मागणी घातली.

ती सून होऊन आली त्याच हंगामात धानावर तुडतुडा पडला. कीड साऱ्या तालुक्यात होती. आमच्या बांधापलीकडचीही उभी शेतं करपली. मग कोहमाऱ्याजवळ दिराची मोटारसायकल घसरली. सासूबाईंना एवढं पुरलं.

"मोठीच्या पायानं बोरले पानी लागला," त्या ओसरीत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आन हिच्या पायानं धान गेला, पोराचा हात मोडला."

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. घरातही ती मला मॅडमच म्हणायची. "मॅडम, तुमी सांगा ना आईले. तुमीच शिकवला ना?"

सांगायला एक मिनिट लागलं असतं. पण तिचा पायगुण खोटा ठरला, तर माझाही खोटा ठरणार होता. त्या बोरच्या पाण्यावर मी या घरात इतकी वर्षं मिरवले होते. मला नोकरी करू दिली ती त्यामुळेच, आणि उशिरा घरी आले तरी कुणी ब्र काढला नाही. खरं तर बोरची जागा माझ्या लग्नाआधीच ठरलेली होती. मी म्हटलं, "जाऊ दे गं, आई रागात आहेत," आणि तांदूळ निवडू लागले. भित्री बाई मी, दुसरं काय.

महिन्याभरात तिला देवरीला माहेरी धाडलं. दिरानंही थांबवलं नाही. जाताना ती माझ्याशी बोलली नाही, आणि ते बरोबरच होतं.

पुढच्या हंगामात कीड आली नाही. धान भरघोस झालं, तालुक्यात सगळ्यांचंच झालं. नव्या तांदळाचा भात जेवताना सासूबाईंनी मला विचारलं, "ते गेली आन धान पिकला. का वं मास्तरीन, खोटा बोलून राहिली का मी?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

"नाही आई," मी म्हटलं, "बरोबर आहे तुमचं."

त्याच आठवड्यात फारकतीची बोलणी सुरू झाली. दिरासाठी नवी मुलगी पाहायला सगळ्यांनी मलाच पुढं केलं. माझ्या पायानं घराचं चांगलं होतं ना.