माठाखालचे दोन कंद

तुम्ही पाठवलेला फोटो मी भिंग लावून पाहिला. निळ्या वाटीत दोन कंद, दोन्ही सुपारीएवढे, दोन्ही काळपट. एकाला गोल पानं येतात, दुसऱ्याला लांब, आणि तुमच्या माशांच्या नव्या काचेच्या टाकीत एकालाच जागा आहे. दुकानदार म्हणतो, कुठलाही घ्या, दोन्ही सारखेच. दुकानदाराचं चुकतं आहे. कुठला घ्यायचा याचं उत्तर छोटं आहे, ते शेवटी लिहिते. ते मला कसं कळलं हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुमच्या आईलाही नाही. तुम्हा नातवंडांना मराठी वाचायला वेळ लागतो, म्हणून अक्षर मोठं काढते आहे.

काचीगुड्याला आमच्या शेजारी एक मास्टरसाहेब राहत. सरकारी शाळेत विज्ञान शिकवत. त्यांच्या दिवाणखान्यात लोखंडी चौकटीची काचेची टाकी होती, तिच्यात लाल मासे आणि पाण्यातली झाडं. ती पाहून माझ्या वडिलांनीही तशीच टाकी करवून घेतली. मास्टरसाहेबांची मुलगी माझ्याहून एका वर्षानं मोठी, तिला मी आपा म्हणायची. आम्ही एकाच मिशनच्या शाळेत जात होतो. तिची आई, जिला मी खाला म्हणजे मावशी म्हणायची, आदल्या वर्षी तापानं गेली होती.

त्यांच्या टाकीत लांब पानांचं झाड होतं, पानांच्या कडा लाटांसारख्या मुडपलेल्या. खालानं ते लग्नाच्या वेळी माहेरच्या गावच्या तळ्यातून आणलं होतं. त्याची एक खोड होती. दिवाळीनंतर त्याची पानं एकेक करून कुजत आणि खाली नुसता कंद उरे. मेलं असं वाटे, पण ते झोपलेलं असे. तेव्हा कंद काढून ओल्या वाळूत ठेवायचा आणि ऊन तापायला लागलं की परत पाण्यात लावायचा. वाळू ओली हवी, पण भिजलेली नको, आणि जागा थंड हवी. अशी जागा आमच्या घरात होती, पिण्याच्या पाण्याच्या माठाखाली. माठ पाझरायचा, त्याच्याखालच्या मडक्यात वाळू, आणि वाळूत खालाचा कंद. दर हिवाळ्यात तो आमच्याकडे मुक्कामाला यायचा.

आमच्या घरी वडिलांची विधवा बहीण, आत्या, सोवळ्यात असायची. माठाचा कोपरा तिचा. "देवाच्या पाण्याखाली आता यांचे कांदे पुरा," असं ती दर वर्षी म्हणायची, आणि दर वर्षी मडकं सरकवून बरोबर थेंबाखाली आणायची.

मग ते वर्ष आलं. रझाकारांच्या धास्तीनं वडिलांनी आम्हाला उन्हाळ्यात सोलापूरला मामांकडे धाडलं. तितके महिने आमच्या टाकीतल्या माशांना मास्टरसाहेबांनी खाणं घातलं. आम्ही परतलो तेव्हा लष्कर शहरात येऊन गेलं होतं, राज्य बदललं होतं, आणि आता घाबरलेलं घर शेजारचं होतं. त्यांच्या गावाकडून बातम्या येत होत्या. मास्टरसाहेब त्या सांगत नसत. दारात उभे राहून वडिलांशी फक्त हवापाण्याचं बोलत.

थंडीत ठरलं की ते कराचीला जाणार. गाडीनं मनमाड, मग मुंबई, मग बोट. माणशी एक ट्रंक. टाकी, मासे, पुस्तकं, सगळं मागे राहणार होतं. आपानं एकच मागितलं. अम्मीचा कंद. झोपलेला कंदच एवढा प्रवास सोसेल, असं मास्टरसाहेब म्हणाले होते. तो माझ्या ताब्यात होता.

पण त्या वर्षी मडक्यात एक नव्हे, दोन कंद होते. आमची टाकी चौकटीतून गळायला लागल्यानं वडिलांनी ती रिकामी केली होती आणि आमच्या निलोफरचा, म्हणजे तळ्यातल्या लहान कमळाचा कंद, पानं खुडून मी त्याच वाळूत ठेवला होता. निलोफरच्या कंदावर काळे राठ केस होते, खालाच्या कंदावर नारळाच्या शेंडीसारखी बारीक तपकिरी लव. शिवाय मी दोन्हींना दोरा बांधून चिठ्ठ्या अडकवल्या होत्या, इंग्रजीत, वळणदार अक्षरात. मी फार टापटिपीची मुलगी होते. शाळेत त्याबद्दल मला बक्षीसही मिळालं होतं.

त्यांच्या निघण्याच्या आदल्या दुपारी मी दोन्ही कंद बाहेर काढले. मातकट कंद आपाच्या हातात द्यायचा मला संकोच वाटला. चिठ्ठ्या सोडवून ठेवल्या आणि काथ्या घेऊन दोन्ही कंद अळकुड्यांसारखे घासले. केस गेले, लव गेली, जुनी सालं गेली. उजवीकडे खालाचा, डावीकडे आपला, असं मनाशी म्हणत ते फडक्यावर वाळत घातले. ऊन सरकलं तसं फडकं उचलून दुसऱ्या खिडकीत नेलं.

चिठ्ठ्या बांधायला बसले तेव्हा लक्षात आलं की फडकं कुठल्या बाजूनं ठेवलं ते मला आठवत नाही. दोन्ही कंद सोललेल्या सुपारीसारखे गुळगुळीत. मी वास घेऊन पाहिला, हातावर तोलून पाहिले. वडिलांना विचारता आलं असतं. मास्टरसाहेबांकडे नेता आले असते, त्यांना कदाचित ओळखू आलं असतं. मी कुणालाच विचारलं नाही. थोडा जड वाटला तो निवडला, त्याला चिठ्ठी बांधली आणि ओल्या शेवाळात गुंडाळून पेनांच्या डबीत ठेवला.

सकाळी आपा डबी घ्यायला आली. बाहेर टांगा उभा होता. तिनं डबी उघडली, कंद हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"येच है ना? तेरेकू पक्का मालूम?"

"हौ, पक्का," मी म्हणाले.

दुसरा कंद माझ्यामागे, परत माठाखाली ठेवलेला होता. तोही तिला देता आला असता. पण मग मला माहीत नाही, हे तिला कळलं असतं.

आत्या सोवळं सोडून दारापर्यंत आली. आपाच्या हातात तिनं दशम्यांचं गाठोडं ठेवलं आणि म्हणाली, "पोचल्यावर पत्र टाक गं."

होळीच्या सुमारास आमची दुरुस्त टाकी भरली आणि मी उरलेला कंद लावला. बाराव्या दिवशी त्याला पहिलं पान आलं. लांब. कड मुडपलेली.

मी टाकीसमोर किती वेळ बसले होते कोण जाणे. आत्यानं जेवायला हाक मारली तरी उठले नाही.

कराचीचं कार्ड त्यानंतर महिन्यानं आलं. आपानं इंग्रजीत लिहिलं होतं. कंद एका पसरट टबमध्ये लावला आहे, पानं आली आहेत, पण गोल आहेत. अब्बा म्हणतात, इथलं पाणी वेगळं आहे. तुला काय वाटतं?

तेव्हाही खरं लिहिता आलं असतं. मी उत्तर लिहिलं, की पहिली पानं कधीकधी गोल येतात, वाट पाहा.

त्यांनी वाट पाहिली. दुसऱ्या पावसाळ्यात पत्र आलं, की फूल आलं. पांढरं, संध्याकाळी उमलणारं. अब्बा खुर्ची घेऊन टबाजवळ बसतात. अम्मीच्या गावचं फूल म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. असं फूल या कंदाला इथेच यायचं होतं, असं म्हणतात. आमच्या टाकीत त्याच सुमारास पाण्यावर एक बारीक देठ वर आला होता, त्याला कणभर पांढरी फुलं. खालाच्या हातचं झाड आमच्याकडे फुललं होतं आणि ते तिचं आहे हे मला एकटीला माहीत होतं.

त्या पत्रानंतर सांगणं मला जमलं नाही. पुढे मास्टरसाहेब गेल्याचं कार्ड आलं. त्यानंतर आपाची पत्रं विरळ होत थांबली.

लग्न होऊन हिमायतनगरला आले तेव्हा मी तो कंद बरोबर आणला. बरीच वर्षं तो हिवाळ्यात झोपायचा आणि उन्हाळ्यात उठायचा. एका वर्षी उठला नाही. मी तीन उन्हाळे वाळू ओली ठेवली. तुमची आई लहान होती, ती विचारायची, या मडक्यात काय आहे? माझ्या घरात न धुतलेली तेवढीच एक वस्तू होती.

आता तुमचं उत्तर. टाकी बारा महिने हिरवी हवी असेल तर गोल पानांचा घ्या. तो झोपत नाही, वर तरंगू पाहणारी पानं मात्र खुडत राहा. लांब पानांचा अधिक देखणा, पण वर्षातून एकदा नाहीसा होतो, आणि तेव्हा त्याला टाकून न देण्याइतका धीर हवा. कुठलाही घ्या, घासू नका. ओळख पटत नसेल तर पहिलं पान येईपर्यंत थांबा. आणि कुणाला द्यायचा झाला आणि थांबायला वेळ नसला, तर दोन्ही देऊन टाका, आणि मला ओळखता येत नाही असं सांगा.