तिला कणसं, मला पीठ

माझ्या बैठकीच्या भिंतीवर माझ्या थोरल्या जावेचा फोटो आहे. चांगला दोन फूट बाय तीन फूट, आणि तो मी माझ्या हाताने टांगलाय. आम्हा दोघींना ओळखणारं कुणी घरात आलं की आधी भिंतीकडे बघतं, मग माझ्याकडे बघतं, मग पाणी मागतं.

यात दोष माझाच, पण आत्ताच्या माझा नाही. दोष आहे पंचेचाळिशीतल्या एका अतिशहाण्या मास्तरणीचा. ती बाई आज भेटली तर मी तिला भर वर्गात अंगठे धरायला लावीन.

ही मास्तरीण संगणकाचा सरकारी कोर्स पास झाली होती, आणि त्या दिवसापासून तिची मान ताठ ती ताठच. भावाने तिला एक कॅमेरा दिला. तो प्रत्येक फोटो दोनदा साठवायचा. एक जेपीजी, लगेच उघडणारा. दुसरा रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने जे पाहिलं ते जसंच्या तसं, कच्चं. तो रॉ तिच्या कॉम्प्युटरवर उघडेना. माजलगावात दोन दुकानांत दाखवला, तिथेही उघडेना. मास्तरणीने निदान केलं, हा खराब माल.

त्यातच घराची वाटणी झाली. दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात भावाभावांनी अर्ध्या दिवसात रानाचं उरकलं. आम्हा जावांना मात्र तीन दिवस लागले, कारण प्रश्न पळ्या-झाऱ्यांचा होता. शेवटी थोरली म्हणाली, "फोटूची बी वाटणी पायजे. सगळे हिच्याच डब्यात कावून?" डबा म्हणजे कॉम्प्युटर.

मास्तरीण गोड हसली. न उघडणारे सगळे रॉ तिने एका सीडीवर भरले, वर पेनाने 'मूळ फोटो' असं लिहिलं आणि सीडी जावेच्या हातावर ठेवली. "बाई, हे अस्सल घ्या. माझ्याकडे राहिले ते नुसते डुप्लिकेट." मग घरी येऊन कॉम्प्युटरमधले रॉ पुसून टाकले, उगाच जागा अडवतात म्हणून. जाऊ ती सीडी घेऊन दुकानं पालथी घालत असल्याचं कळलं, तेव्हा मास्तरीण इतकी हसली की तिला उचकी लागली. हसा, मास्तरीणबाई, हसा.

आपल्या वाटणीच्या फोटोंचं मास्तरणीने काय केलं म्हणता? येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावस्येच्या दिवशी रानात काढलेला आमच्या यांचा एक फोटो होता. कडब्याच्या कोपीपुढे बसलेले, मिशीला आंबील लागलेली, आणि तोंड उघडून हसतायत. हे फोटोत हसायचे नाहीत. कॅमेरा दिसला की यांचा चेहरा रेशनकार्डावरचा व्हायचा. हसरा असा हा एकच. मास्तरणीने तो उजळ केला आणि सेव्ह केला. शेजारी थोरली बसली होती म्हणून कात्री लावून तिला उडवलं आणि सेव्ह केला. ईमेलात जाईना म्हणून बारीक केला, सेव्ह केला. सगळं एकाच नावावर. वेगळ्या नावाने सेव्ह करायचं कोर्समध्ये शिकवलं होतं, पण तिला ते आळशी माणसाचं काम वाटायचं. पुढे तोच फोटो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर हिंडत राहिला.

गेल्या वर्षी हे गेले. वर्षश्राद्ध जवळ आलं तसा मला तो फोटो मोठा करून हवा झाला. दुसरा कुठलाच नको. रेशनकार्डाला हार घालायचा नव्हता मला.

माजलगावच्या फोटोवाल्याने पडद्यावर फोटो मोठा केला आणि म्हणाला, "काकू, हा चेहरा नाही, ही फरशी आहे." खरंच, यांच्या गालाच्या जागी चौकोन चौकोन होते आणि मिशी कुठली, आंबील कुठली ते कळेना. जेपीजी म्हणजे काय ते त्याने समजावलं. दरवेळी सेव्ह करताना फाईल बारीक राहावी म्हणून तो थोडं थोडं टाकून देतो. मला ते सुपाच्या भाषेत पटलं. एकदा पाखडलं तर कोंडा जातो. पुन्हा पुन्हा पाखडत बसलं तर दाणेही उडतात.

"मूळ फाईल आहे का? या कॅमेऱ्यात रॉ यायचा. आता तो सहज उघडतो."

मूळ फाईल. अक्षरसुद्धा माझंच होतं त्या सीडीवर.

बारा वर्षं जिच्याशी धड बोलले नाही तिच्या दारात जायचं होतं. गाडीतून उतरून वाटेला लागले तर तिच्या रानात ज्वारी निसवलेली, कणसं वर आलेली, आणि पाखरं हाकायला काठ्यांना दोऱ्यांनी बांधलेल्या सीड्या उन्हात लखलखतायत. माझे पाय तिथेच थांबले. रानात शिरून मी एकेक सीडी उलटून बघितली. सगळ्या भजनांच्या आणि सिनेमांच्या. शेवटची बघत होते तेवढ्यात मागून आवाज आला.

"पाखरं चोरायला आलीस का कणसं?"

थोरली. हातात विळा.

"बाई, तुमच्याकडे माझी एक सीडी होती."

"तुझी? वाटणीत मला आलेली हाय ती."

"आहे अजून?"

"हाय की. फेकीन कावून? पुरावा हाय तो." घरी नेऊन तिने पेटीतून कापडात गुंडाळलेली सीडी काढली. "येणाऱ्या जाणाऱ्या पाव्हण्याला दावते. म्हणते बघा, धाकट्या जावेनं मला वाटणीत काय दिलं. मास्तरीण हाय, लई शिकलेली."

मी फोटोवाल्याचं सांगितलं. यांच्या हसऱ्या फोटोचंही सांगितलं. तिचे डोळे बारीक झाले. तिला कळलं, तिच्या हातात काय आहे.

"म्हंजे तू म्हणालीस ते खरं निघालं. अस्सल माझ्याकडं."

"हो."

"आन् तुझ्याकडं डुप्लिकेट."

"हो, बाई."

"पुन्ना म्हण."

मी पुन्हा म्हटलं.

सीडी माझ्या हाती द्यायला ती तयार होईना. स्वतःच आली. दुकानातलं जुनं यंत्र सीडी आत घेऊन कुरकुरत राहिलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता पडद्याकडे बघत राहिलो. मग फोटो उघडला. मिशी होती. आंबीलही होती. एक किडका दात, जो मी विसरले होते. आणि शेजारी, हात वर करून काहीतरी बोलणारी थोरली. माझी कात्री तिथवर पोचलीच नव्हती.

इतकी वर्षं मी समजत होते, हे माझ्याकडे बघून हसले.

"तुझ्याकडं बघूनच हासले," थोरली म्हणाली. "तू कॅमेरा धरून वरडत होतीस, हलू नका, सरळ बसा. मी म्हणलं, भावजी, नीट बसा, न्हाईतर मास्तरीण फोटूत बी गैरहजर मांडंल."

फोटोवाला हसला. आम्ही नाही हसलो.

मी म्हटलं, एवढा यांचाच चेहरा कापून मोठा कर. थोरलीने सीडीच्या यंत्रावर पंजा ठेवला. "लावायचा तर पुरा लाव. न्हाईतर मी निघाले." फोटोवाला मध्ये पडला. म्हणाला, रॉला कुणी हात लावत नाही, तो आहे तसा ठेवायचा. त्यातून टिफ काढू, हाही फाईलचाच प्रकार, आकाराने मोठा होतो, पण काही गळत नाही, छपाईला आणि साठवायला तोच. मोबाइलवर पाठवायला जेपीजी वेगळ्या नावाने.

"कणसं ठेवायची, दाणे भरून ठेवायचे आन् लागंल तेवढंच दळायचं," थोरली त्याला म्हणाली, पण बोट माझ्याकडे. "हिनं सगळं दळून टाकलं. बियाणं दळतं का कुणी?"

थोरलीचं बरोबर होतं. हे मी आयुष्यात एकदाच लिहितेय, दुसऱ्यांदा लिहिणार नाही.

फोटो पुरा छापला. माझ्या प्रती दोन, एक पेनड्राइव्हवर, एक हार्ड डिस्कवर. सीडी थोरलीने परत नेली, कापडात गुंडाळून. पुरावा तो पुरावा.

वर्षश्राद्धाला ती आली आणि भिंतीखाली उभी राहिली. "हार भावजीपुरता. मी जित्ती हाय. एक फूल जरी माझ्याकडं आलं तर बघ." मी चौकटीच्या बरोबर मध्ये खिळा ठोकला आणि यांच्या बाजूपुरता आखूड हार घातला. तिने जवळ जाऊन हाराच्या आणि आपल्या चेहऱ्याच्या मध्ये बोट घालून बघितलं, मग जेवायला बसली.

हार कुठे अडकवायचा ते तिने ठरवलं. पंखा किती ठेवायचा, ते मात्र माझं घर आहे, मी ठरवते. तीनवर ठेवला की हार झुलत झुलत तिच्या गळ्यापर्यंत जातो. हे वरून हसतच असतात.